यादीतला सतरावा बोर्ड

नंदकिशोर साळगावकर हा माणूस मुळातच संशयी. उलव्याच्या त्यांच्या सोसायटीत टँकर आला तर टाकीचं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय ते पावतीवर सही करत नसत. एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागात एकतीस वर्षं काढलेली, त्यामुळे रिटायर झाल्यावरही खोड गेली नाही. जयमालाबाई तर म्हणत, यांनी लग्नाआधी माझीही टेस्टिंग केली असेल, मला कळू दिलं नाही एवढंच. शेजाऱ्यांना हा स्वभाव जाच वाटायचा. पण याच स्वभावावर विसंबून चारशे माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटर जुळवत होती.

ही चारशे माणसं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर होती आणि नंदकिशोर त्या ग्रुपचे ॲडमिन. सगळ्यांना एकच नाद. सर्व्हरचा नवा प्रोसेसर बाजारात येण्याआधी कंपनी त्याचे थोडे नमुने सर्व्हर बनवणाऱ्यांना चाचणीसाठी देते. त्यांना म्हणतात इंजिनिअरिंग सॅम्पल. ती विकायची नसतात, वरच्या पत्र्यावर तसं कोरलेलंही असतं. तरी पाय फुटून ती बाजारात येतातच, आणि चोवीस कोअरचा प्रोसेसर साध्या प्रोसेसरच्या भावात मिळतोय म्हटल्यावर कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही?

गोम अशी, की प्रत्येक मदरबोर्ड सॅम्पलला ओळखतोच असं नाही. मशीन सुरू करताना बोर्डाचं जे सॉफ्टवेअर आधी जागं होतं, ते बायोस, त्याला हे सॅम्पल ठाऊक असावं लागतं. नव्या बायोसमधून सॅम्पलांची ओळख बहुतेक वेळा काढून टाकलेली असते. मग पंखे गरगरा फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच्या काळा. म्हणून नंदकिशोरांनी यादी केली होती. कोणतं सॅम्पल, कोणता बोर्ड, कोणतं बायोस. सहा वर्षांत सोळा नोंदी. प्रत्येक नोंद त्यांनी मशीनसमोर बसून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेली. एका बोर्डासाठी ते भर उन्हात खोपोलीला जाऊन आले होते आणि तिथल्या माणसाने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्यांच्या यादीत आहे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ग्रुपवर सगळे मानत.

सतरावी नोंद आशुतोषची.

आशुतोषचं वाशीला दुकान. महापे-ऐरोलीकडच्या डेटा सेंटरमधून जुने सर्व्हर निघाले की तो ते उचलायचा, सुटे करायचा आणि विकायचा. एकोणीस वर्षांची मैत्री. जयमालाबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ फोनवर चौकशी करून मोकळा झाला, आणि आशुतोष दुकान बंद ठेवून तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला. असल्या माणसाला कोण तपासत बसेल?

मे महिन्यात नंदकिशोर पनवेलच्या हॉलमध्ये भाचीच्या लग्नात होते. डोक्याला फेटा, एका हातात अक्षता, आणि दुसऱ्या हातातला फोन वाजला. आशुतोषने फोटो पाठवला होता. चाळीस बोर्ड आलेत, त्यातल्या एकावर सॅम्पल लावून बघितलं, मस्त चालतंय, यादीत टाक. नंदकिशोरांनी फोटोतला बोर्डाचा नंबर पाहिला, बायोसचा आकडा पाहिला, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत सतरावी नोंद टाकून दिली. पुढच्या रविवारी ते दुकानात गेले तेव्हा आशुतोष म्हणाला, तो ट्रायलचा बोर्ड तर विकलाही. वर त्याने दुसराच एक भारीतला बोर्ड त्यांच्या पिशवीत घातला. तो यादीतल्या तिसऱ्या नंबरचा होता, आता मिळेनासा झालेला. भाचीच्या लग्नाचा आहेर समज, म्हणाला. नंदकिशोरांना इतकं भरून आलं, की त्याच आठवड्यात त्यांनी तो आपल्या मशीनला लावला.

जुलैत मोनालीचा फोन आला. मोनाली कामोठ्याची. वडील हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. बिल्डरच्या न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करून गिऱ्हाइकाला त्यातून फिरवून आणायचं, हे काम ती शिकली होती. एका स्टुडिओने तिला घरून काम द्यायचं कबूल केलं होतं, पण आधी ट्रायल. सोमवारी फाइल मिळणार, शुक्रवारी काम परत द्यायचं, आणि एवढं काम त्या मुदतीत ओढेल असं मशीन स्वतःचं हवं. त्या भरवशावर तिने झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी सोडली होती. यादी उघडून सतराव्या नोंदीप्रमाणे सॅम्पल मागवलं, आशुतोषच्या दुकानातून बोर्ड आणला, सगळं नीट जोडलं. पंखे फिरत होते आणि पडदा काळा होता.

गुरुवारी सकाळी नंदकिशोर कामोठ्याला गेले. मेमरी बदलून पाहिली, भिंग लावून सॉकेटच्या पिना पाहिल्या, पॉवर सप्लाय तपासला. मोनाली बाजूला उभी राहून हवं ते हातात देत होती. पोरीने काम इतकं नेटकं केलं होतं, की चूक काढायला जागाच नव्हती. तिने फक्त एकदा विचारलं, "काका, सोमवारपर्यंत होईल ना?" ते म्हणाले, होणार म्हणजे काय, यादीत आहे तो बोर्ड. तिचं सॅम्पलच खराब निघालं असावं असं धरून नंदकिशोर ते घरी घेऊन आले आणि स्वतःच्या मशीनमध्ये लावलं.

पहिल्या झटक्यात सुरू झालं.

पडद्यावर प्रोसेसरच्या नावाच्या जागी चार शून्यं आली. त्या सॅम्पलांचं ते असतंच. बाजारात न आलेल्या मालाचं बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाच्या जागी शून्यं. ग्रुपवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला नंदकिशोर हे पहिल्याच दिवशी शिकवत. ताडून पाहायला म्हणून त्यांनी आशुतोषचा मे महिन्यातला फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. तिथे शून्यं नव्हती. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव होतं, दुकानात पेटीबंद मिळणाऱ्या प्रोसेसरचं. त्या बोर्डावर सॅम्पल कधी लागलंच नव्हतं.

नंदकिशोरांनी फोटोची तारीख पुन्हा पाहिली. लहान मुलालाही दिसलं असतं असं खोटं दोन महिने त्यांच्या फोनमध्ये पडून होतं. टाकीत डोकावणारा माणूस आपण, आणि इथे डोळ्यांना झालं होतं काय? त्यांना आशुतोषचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मग पुन्हा आशुतोषचाच आला. कारण अनोळखी माणसाने हा फोटो पाठवला असता तर त्यांनी तो दोन मिनिटांत पकडला असता. आशुतोषला हे पक्कं माहीत होतं.

दुपारी ते वाशीला गेले. आशुतोषने नेहमीसारखं स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. नंदकिशोरांनी फोटो त्याच्यासमोर धरला. त्यांना वाटलं होतं तो गडबडेल, लपवाछपवी करेल, निदान माणसाकडून चूक झाली म्हणेल. त्याने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. डेटा सेंटरवाल्यांनी सगळ्या बोर्डांवर नवं बायोस टाकून ठेवलं होतं, म्हणाला, ते मागे घेता येत नाही. साध्या प्रोसेसरवर चालतात, सॅम्पलवर मेले तरी चालणार नाहीत. आता त्या लॉटला यादीशिवाय कोणी हात लावला नसता.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तुला नव्हतं?" आशुतोषला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "नंदू, तू फोटो बघतोस आणि तुला नाव दिसत नाही? मला वाटलं तू समजून घेतलंस. म्हणून तर रविवारी तुला तो बोर्ड दिला ना. तसला बोर्ड कोण कोणाला उगाच देतो?"

नंदकिशोरांनी चहाचा कप काउंटरवर ठेवला. फसवलं हे एक वेळ पचलं असतं. पण गेले दोन महिने हा मित्र त्यांना आपल्यातलाच एक समजत होता. जो बोर्ड ते माया समजून घरी घेऊन गेले, तो त्याच्या हिशोबी तोंड बंद ठेवण्याची किंमत होता. आणि त्याच्या मनात त्याबद्दल अढीही नव्हती, उलट नंदूही शेवटी व्यवहारी निघाला म्हणून थोडं बरंच वाटलं असणार. एकोणीस वर्षं आपण कोणाबरोबर चहा प्यायलो, असं त्यांच्या मनात आलं. निघताना आशुतोष दारापर्यंत आला. "ग्रुपवर माझं नाव नको घेऊस, एवढं कर. धंदा बसेल माझा," म्हणाला. आणि थोडं थांबून, "वहिनी बरी आहे ना आता?"

त्या एका प्रश्नाने त्याने नंदकिशोरांचे हात बांधले. नाव लिहायचं म्हणजे हॉस्पिटलच्या बाकावरचे तीन दिवस पुसायचे, आणि शिवाय त्या फुकटच्या बोर्डाबद्दलही लिहायचं. घरी येऊन त्यांनी चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच टाकलं: सतरावी नोंद चुकीची आहे, मी स्वतः न पाहता लिहिली, चूक सर्वस्वी माझी. खाली नऊ जणांनी लिहिलं की त्यांनी तो बोर्ड घेतलाय. नाशिकच्या एकाने विचारलं, बाकीच्या सोळा नोंदीही अशाच आहेत का? आशुतोषही ग्रुपवर होताच, त्याने हात जोडलेला इमोजी टाकला.

नंदकिशोरांनी आपलं मशीन सुटं केलं. आशुतोषने दिलेला बोर्ड त्यांना घरात नकोच होता, आणि मोनालीचं सॅम्पल त्यावर चालताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. जयमालाबाईंनी विचारलं, मग तुमचं काय? ते म्हणाले, मला कुठे इमारती उभ्या करायच्यात. शनिवारी सकाळी बोर्ड आणि सॅम्पल घेऊन ते कामोठ्याला पोचले.

हौसेराव घरीच होते. त्यांनी चटई अंथरली, पाणी आणलं. "साहेब, तुमी सोता आलात, लय झालं," म्हणाले, पण समोर बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. नंदकिशोरांनी मोनालीला सगळं समजावलं. हा बोर्ड वेगळा आहे, तुझं सॅम्पल यावर परवा माझ्या घरी चाललंय, मी समोर बसून पाहिलंय, अर्ध्या तासात तुझं मशीन उभं राहील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग म्हणाली, एक मिनिट हां काका. तिने बोर्डाचा फोटो काढला आणि फोनवर काहीतरी टाइप करत बसली.

नंदकिशोरांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी सवयीने उघडून पाहिला. मोनालीने ग्रुपवर फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ह्या बोर्डवर माझं सॅम्पल चालेल का, प्लीज कोणीतरी कन्फर्म करा, सोमवारी काम आहे.

ती समोर हातभर अंतरावर बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. तिचं काही चुकत नव्हतं, हेच जास्त लागलं. सहा वर्षांत या ग्रुपवर असा प्रश्न आला की सगळे गप्प राहून नंदकिशोरांच्या उत्तराची वाट पाहत. आताही सगळे गप्पच होते. त्यांनी 'हो' एवढं लिहिलं, आणि पाठवायला अंगठा धजेना. दाराशी हौसेराव पायाने चटईचा कोपरा सरळ करत राहिले.

दोनेक मिनिटं गेली असतील. मग उत्तर आलं. आशुतोषने लिहिलं होतं: चालतो. बिनधास्त लाव. काही अडचण आली तर मला फोन कर.

मोनालीचा चेहरा सैल झाला. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती हसली. "दुकानवाले काका म्हणतायत चालतो. लावू या मग." तिने बोर्ड उचलला, आणि नंदकिशोरांना वाईट वाटू नये म्हणून की काय, आवाज खाली घेऊन म्हणाली, "ते खूप चांगलेयत काका. काल मी बोर्ड परत घ्याल का विचारायला फोन केला, तर म्हणाले, साळगावकरांवर रागावू नकोस, वय झालंय त्यांचं, आता त्यांना नीट दिसत नाही."

नंदकिशोरांनी बोलायला तोंड उघडलं. पोरगी बोर्ड हातात धरून वाट पाहत होती, आणि तिचा सोमवार दोन दिवसांवर होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला.