पुंडलिककाकांच्या थापा

रूपानं शहरातल्या गारखेडा भागात पहिल्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'रूपा वाचा उपचार केंद्र'. सुरुवातीला चौकशीला आली ती सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं. 'वाचा' वाचून त्यांना ती अभ्यासिका वाटली.

"मॅडम, एसी आहे का? रात्री किती वाजेपर्यंत बसू देता?"

वाचा म्हणजे बोलणं, आजारपणात ज्यांचं बोलणं गेलं त्यांना ते परत आणून द्यायचं, हे आपलं काम, असं ती समजावून सांगायची. पोरं "सॉरी मॅडम" म्हणून जिना उतरायची.

तिचे वडील धम्मपाल एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. लेकीचा त्यांना अभिमान होता, पण काळजी जास्त. "बेटा, सारी नोकरी मी लोकांना गप बसा, गप बसा म्हणण्यात घालवली. बोलायला शिकवा म्हणून एक माणूस नाय आला. गप करायचं औषध असंल तर बघ, लाइन लागंल."

रूपा हसली, पण पुण्याच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळते का हेही तिनं गुपचूप विचारून ठेवलं.

आणि मग नानासाहेब आले.

नानासाहेब लासूर स्टेशनचे. शेती होती, मार्केटात आडत होती, गावात मान होता. कधी वरच्या आवाजात बोलले नाहीत, लहान पोरालाही 'अहो' म्हणायचे. उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, बोलणं मात्र गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण सांगायला जावं तर शब्द सापडायचा नाही. एकच शब्द शिल्लक राहिला होता. 'हलकट'.

चहा पाहिजे, हलकट. पंखा बंद करा, हलकट. उपचारासाठी ते गारखेड्यात मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले होते आणि त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायची चोरी झाली होती.

"पाव्हणे बघायला येतात, हे हात जोडतात, ग्वाड हसतात, आन् म्हणतात हलकट! व्याह्यांना बी म्हणले. मॅडम, जन्मात ह्यांच्या तोंडी शिवी नव्हती हो."

"काकू, शिव्या, आरत्या, पाढे हे डोक्यात जरा वेगळ्या कप्प्यात असतात. तो कप्पा वाचला. एक शब्द वाचला हे चांगलंच आहे."

"वाचायला ह्योच बरा गावला!"

रूपानं चित्रांचे पत्ते काढले. मांजर, मोर, कपबशी. नानासाहेबांनी मोराकडं पाहिलं, रूपाकडं पाहिलं, आणि भिंतीकडं तोंड केलं. मार्केटात ज्यांच्या शब्दावर सौदे व्हायचे, त्यांना कुणी मांजर दाखवून 'हे काय आहे' विचारावं! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तर ते डोळे मिटूनच बसले.

त्याच दिवशी लासूरच्या गाडीनं त्यांचे लहानपणचे दोस्त पुंडलिककाका भेटायला आले, आणि घरी कुणी नाही म्हणून थेट केंद्रावर येऊन ठेपले. बसल्याबरोबर त्यांचं तोंड सुरू झालं.

"मॅडम, हा नान्या गप हाय तोवर बोलून घेतो. मला जन्मात ह्यानं बोलू दिलं नाय. आमच्या जवानीत ह्याची म्हैस विहिरीत पडली. हा काठावर बसून रडतोय. मी मारली उडी! एकट्यानं दोर बांधला आन् काढली म्हैस वर."

नानासाहेबांनी डोळे उघडले. कान लाल झाले होते.

"हलकट!"

पहिल्यांदाच तो शब्द आपल्या जागेवर पडला होता.

"बघा, वळखलं मला!" पुंडलिककाका खूश झाले. "मंग ह्यानं माझे पाय धरले."

"नाय!" नानासाहेब म्हणाले.

लक्ष्मीबाईंच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. रूपा अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पुढं काय झालं, काका?"

"पुढं काय, सरपंचानं माझा सत्कार केला. फेटा बांधून."

"खो... खो... खोटं!"

रूपानं पुंडलिककाकांना जिन्यात नेलं. "काका, तुम्ही खोटं बोलत होता?"

"खोटं कशाला? जरा वाढवून सांगितलं," काका दुखावून म्हणाले.

"उद्या आणखी वाढवून सांगाल?"

आजवर पुंडलिककाकांना असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "हे... औषध हाय का?"

"हो."

"मंग तर रोज येतो!"

खरी मेहनत नानासाहेबांवर नाही, काकांवर घ्यावी लागली. थाप मारायची आणि मध्येच थांबून नानांना बोलू द्यायचं, हे रूपानं दहादा सांगितलं. थांबणं त्यांना जमेना. शेवटी तिनं युक्ती काढली. थाप मारून झाली की काकांनी तोंडात सुपारी टाकायची आणि ती चघळून संपेपर्यंत ब्र काढायचा नाही. त्या शांततेत नानासाहेब घामाघूम होऊन एकेक शब्द शोधून आणायचे. 'मी.' 'दोर.' मग 'तू झाडावर'. मग एक दिवस, 'तू पळाला. चप्पल सोडून.'

पावसाळा सरता सरता एका सकाळी नानासाहेबांनी हात वर करून काकांना सुरूच होऊ दिलं नाही.

"विहीर. खोल. अंधार," ते म्हणाले. "मी उडी... मारली. म्हैस खांद्यावर... घेतली. एकटा. वर आलो."

रूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात लक्ष्मीबाई तिच्या कानाशी आल्या.

"मॅडम, म्हैस नव्हतीच. शेळी होती. आन् ती माझ्या सासूनं काढली, टोपल्यात बसवून. हे दोघं बी त्या दिवशी गावात नव्हते."

"म्हणजे नाना खोटं बोलले?"

"व्हय ना! चक्क!"

"काकू!" रूपानं त्यांचे दोन्ही हात धरले. "दाखवलेली वस्तू ओळखून नाव सांगणं वेगळं. जे घडलंच नाही ते मनानं जुळवून सांगायला केवढे शब्द लागतात! नाना थाप मारतायत!"

नवरा खोटं बोलतो म्हणून डॉक्टरीणबाई एवढी का नाचते, हे लक्ष्मीबाईंना आधी कळेना. मग कळलं, आणि त्या पदर डोळ्याला लावून हसायला लागल्या. "बोला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "लागंल तेवढं खोटं बोला."

लासूरच्या मार्केटात ही गोष्ट पसरली. गंगापूरहून, वैजापूरहून लोक यायला लागले. 'ते थापा मारणारे काका कोणत्या वारी असतात?' असे फोन यायला लागले. पुण्याची चौकशी रूपानं सोडून दिली.

पण फर्दापूरहून मेघाबाई नावाच्या, अशाच बोलणं गेलेल्या, रिटायर्ड हेडमास्तरीणबाई आल्या आणि पुंडलिककाकांचं काही चालेना. बाईंना त्यांची प्रत्येक थाप खरी वाटायची. माना डोलावून कौतुकानं ऐकायच्या, बोलायच्या मात्र काही नाहीत. काका हिरमुसून गेले.

रूपा त्या रात्री बराच वेळ जागी होती. सकाळी तिनं भिंतीवर एक फळा टांगला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दिपावलि'.

मेघाबाई खुर्चीत बसल्या. फळ्याकडं त्यांची नजर गेली. चष्मा सारखा केला. ओठ थरथरले.

"दी... दी... दीर्घ!" त्या कडाडल्या, आणि रूपाला खुणेनं सांगितलं, हात पुढं कर.