फ्रीजमध्ये बोंबील चालतात

१९८६ सालचा एक सोमवार. मानपाड्याच्या पलीकडल्या त्या गावात भांडी घासून झाली होती, चुली विझत आल्या होत्या. ठाण्याच्या सरकारी जीपमधून नर्स शेवंती उतरली आणि लसीचा डबा घेऊन दगडाबाईंच्या पडवीत उभी राहिली. ती बौद्ध. पडवीपुढे पाऊल टाकायचं नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतंच कुठे!

गावात दवाखाना नव्हता. कारखान्यांना गेलेल्या जमिनीच्या पैशातून दगडाबाईंकडे फ्रीज आला होता, गावातला एकुलता एक. म्हणून पोलिओची लस सोमवारी तिथे ठेवायची आणि गुरुवारी पोरांना पाजायची, अशी सोय होती. डबा देताना शेवंती सून मालनला दर वेळी बजावायची.

"वहिनी, हे थंडच राहिलं पाहिजे हां. गरम झालं की औषध मेलं. मग पाजलं काय नि न पाजलं काय."

"ठेवते हो," मालन म्हणायची आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायची.

शेवंतीची पाठ वळली की दगडाबाई तो बाहेर काढून गोठ्यातल्या फळीवर ठेवायच्या. "तिच्या हातचा डबा देवाच्या दुधाजवल? नाय बाय!" गुरुवारी सकाळी, नर्स यायच्या आधी, डबा पुन्हा आत. त्याच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ओले बोंबील असायचे. ते देवाला चालत होते! धन्य तो देव आणि धन्य त्याच्या भक्तांची शिवाशिव.

मालनने एकदा तोंड उघडलं. "आई, सिस्टर बोलली, गरम झालं तर..."

"तुना जास्ती कलतं? फ्रीज तुज्या बापानं दिला?"

 मालनच्या तान्ह्या गणूने त्याच डब्यातले तीन डोस घेतले.

पुढच्या भाद्रपदात गणूला ताप भरला. चौथ्या दिवशी मालन त्याला उभं करायला गेली तर त्याचा उजवा पाय लुळा. कल्याणच्या डॉक्टरांनी तो पाय दोनदा उचलून सोडला आणि म्हणाले, "पोलिओ." त्याच महिन्यात गावातल्या आणखी दोन पोरांचे पाय गेले.

देवळापुढे गाव जमलं. शेवंतीला मध्ये उभं केलं.

"तिघांनाबी हिनंच पाजलंय," सरपंच काळुराम गरजला. "हिचा हातच वाईट!"

शेवंती रडली नाही. तिने थेट मालनकडे पाहिलं. "वहिनी, खरं सांगा. डबा फ्रीजमध्येच होता ना?"

दगडाबाईंनी मालनचा दंड घट्ट धरला होता. मालन म्हणाली, "हो."

शेवंतीवर चौकशी बसली, बदली झाली. ती गाव सोडताना बायांनी तिच्या पाठीवर शेण फेकलं. कुणी अडवलं नाही.

नवी नर्स आली, ती गावाच्या सोयऱ्यांतली निघाली. तिला आत बसवलं, चहा पाजला. डबा दगडाबाईंनी स्वतः दुधाशेजारी ठेवला. तीच लस, त्याच जीपमधून आलेली. पुढची दोन वर्षं एकाही पोराला काही झालं नाही.

"बगा," दगडाबाई सांगत सुटल्या, "हात चांगला लागला."

गावाला आयताच पुरावा मिळाला!

अशाच एका गुरुवारी पडवीत बायांची रांग लागली होती. चार वर्षांच्या गणूला कडेवर घेऊन मालन दारात आली. पोराचा पाय नुसता लोंबत होता.

"हात नाय, आई," ती मोठ्याने बोलली. "त्या बाईचा डबा आपण गोठ्यात ठेवायचो. मी देवळापुढं खोटं बोलले. माझ्या पोराचा पाय आपण घालवला."

रांग थबकली. नव्या नर्सचा हात बाटलीवरच राहिला.

दगडाबाई हसल्या. "पोराच्या दुखानं येडी झालीय." मग नर्सकडे वळून म्हणाल्या, "बाय, तू पाज बगू. उगा बाटली गरम होल."

रांगेतल्या प्रत्येक बाईने ते ऐकलं, आणि आपलं पोर पुढे केलं.