एक घर पुढे

मी एक फोन. काळा, तळहाताएवढा. दिवसभर खिडकीच्या कट्ट्यावर पडून असतो आणि ऊन काचेवरून सरकताना अर्धवट झोपेत बरंच काही आठवत बसतो.

जन्माचं फारसं सांगता येत नाही. पांढरा उजेड, हातमोज्यातली बोटं, आणि मग डब्यातली लांबलचक झोप. जाग आली ती मावशींच्या हातात. त्या बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना हॅलोमावशी म्हणते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध धुकं साचलंय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणसाचा चेहरा बघायचा तर त्या त्याच्या कानाकडे बघतात. मला वापरतात ते बोटांनी मोजून.

त्यांच्या सूनबाई फोन दुरुस्त करतात. एका दुपारी त्यांनी आपला फोन माझ्याशेजारी ठेवला. तो दुसऱ्या घराण्यातला.

"आई, तुम्हालाही असाच घेऊ या का?"

मावशींनी दोघांवरून बोट फिरवून पाहिलं. त्या फोनमध्ये अ‍ॅप्स पानापानांवर उघडी मांडलेली. जे जिथे ठेवाल ते तिथेच राहतं. पानं संपली की शेवटी पेट्या लागतात, आणि त्या मात्र तो स्वतःच्या मनाने भरतो. माझं घर निराळं. दर्शनी खोलीत मोजकं सामान, बाकी सगळं आत कपाटात. बोट खालून वर सरकवलं की कपाट उघडतं आणि सगळी अ‍ॅप्स नावाच्या क्रमाने उभी दिसतात. नाव लिहून किंवा बोलून शोधायची सोय दोघांकडेही आहे.

"पेटीत काय घालायचं ते हा ठरवणार? मला न विचारता?" मावशी म्हणाल्या. "नको गं बाई. माझा अक्षराने चालतो, डिरेक्टरीसारखा. हाच बरा."

मी अभिमानाने फुगलो. शेजारच्याचा उजेड हळूहळू मावळला, एवढंच.

पण कपाटात कुणाचीच जागा कायमची नसते, हे मी मावशींना सांगू शकलो नाही.

मावशींचा धाकटा भाऊ दूरच्या गावी इस्पितळात होता. घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. दुपारी चारला त्याला आत नेणार होते. "साडेतीनला व्हिडिओ कॉल कर, ताई," असं त्याने बजावलं होतं. "बोलताना तुझं तोंड बघायचंय."

त्या सकाळी कामावर जाताना सूनबाईंनी मावशींसाठी औषधांची आठवण करून देणारं एक अ‍ॅप माझ्यात घातलं. हेतू चांगलाच होता. अक्षराच्या क्रमाने 'औषध' वरच्या ओळीत जाऊन बसलं आणि त्याच्यामागचे सगळे एकेक घर पुढे सरकले.

साडेतीनला मावशींनी केस नीट केले, कपाट उघडलं, मोजलं. सहावी ओळ, तिसरं घर, व्हिडिओचं. आणि दाबलं.

रेडिओ लागला. कुणीतरी उद्याचं हवामान सांगू लागलं.

त्यांनी परत मोजलं. परत हवामान. तिसऱ्यांदा त्या मोठ्याने म्हणाल्या, "व्हिडिओ उघड!" पण रेडिओही बोलत होता. मी दोघांचं ऐकलं आणि मला कुणाचंच धड कळलं नाही. व्हिडिओ तिथेच होता, बोटापासून एका घरावर. मला त्यांचं बोट धरून नेता आलं असतं तर!

"काय झालं रे हे," त्या पुटपुटल्या. चाचपून त्यांनी आवाज बंद केला. घड्याळाने पावणेचारचा ठोका दिला. सूनबाईंना बोलवावं तर पोचायला तासभर लागणार. त्या मला मांडीवर घेऊन तशाच बसल्या.

मग त्यांचा अंगठा खाली डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे माझा साधा फोन असतो, तो कधी हलत नाही. आत आकड्यांच्या कळा, तीन तीनच्या ओळी. मावशींनी जन्मात कुणाचा नंबर साठवून ठेवला नव्हता. ऑपरेटरला ते कमीपणाचं वाटतं. दहा आकडे त्यांनी न बघता लावले.

"ताई? अगं, तोंड कुठंय तुझं?"

"तोंड राहू दे. तू बोल."

"काय बोलू? यादी केली होती, सगळी विसरलो."

मावशींचा आवाज ड्यूटीवरचा निघाला. "मग लाइन टेस्ट कर. एकपासून मोज."

तो मोजू लागला. दहाला थांबला नाही, वीसला थांबला नाही. घोगरा, दमलेला आवाज एकेक आकडा माझ्यातून मावशींच्या कानात सोडत होता, आणि त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद..."

"एकोणऐंशी, गधड्या! चौथीपासून तेच!"

दोघं हसली. तो हसता हसता खोकला. मागे नर्सचा आवाज आला, "चला काका." त्याने घाईने "ऐंशी" म्हटलं आणि फोन ठेवला.

शस्त्रक्रिया नीट झाली. भाऊ वाचला, आवाज गेला.

सूनबाई त्या संध्याकाळी खूप रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी माझी दर्शनी खोली रिकामी केली आणि चार कोपऱ्यांत चार अ‍ॅप्स ठेवली. आता कपाटात काहीही आलं-गेलं तरी ती चार जागची हलत नाहीत. तुम्हीही कुणाच्या फोनमध्ये काही घालाल, तर एवढं करा. त्या माणसाला आधी सांगा. तुम्हाला जे एका बोटाचं काम वाटतं, ते त्याच्या दृष्टीने घरातली जिन्याची पायरी हलवण्यासारखं असतं.

मी आता म्हातारा झालोय. दुपारपर्यंतच दम टिकतो, म्हणून तारेला बांधलेला असतो. भाऊ तिकडून संदेश लिहितो. मावशींना अक्षरं दिसत नाहीत, म्हणून ते वाचून दाखवायचं काम माझं. पहिल्याच दिवशी मी भरभर वाचून मोकळा झालो.

मावशींनी मला कानापासून जरा दूर धरलं.

"सावकाश रे," त्या म्हणाल्या. "तो असा घाईत बोलत नाही."

सूनबाईंनी माझा वेग कमी केला. तेव्हापासून मी एकेक शब्द थांबून म्हणतो, आणि मावशी मध्येच हुंकार देतात.