दाबायचं नाही

"दाबतेस तू!" आतून किशोर ओरडला. "मशीन रडतंय बघ."

रूपालीनं पॉलिशचं मशीन बंद केलं आणि कपाळावरचा घाम कोपरानं पुसला. खोलीच्या मागं दोन रिकाम्या पिंपांवर भंगारातून आणलेलं काळं बॉनेट आडवं टाकलं होतं. किशोर आत खाटेवर पडलेला. तिथून त्याला ना बॉनेट दिसत होतं, ना बायको. पण गड्याला सगळं कळायचं! हात कुठं जड पडला, पॅड कुठं कोरडं झालं, सगळं नुसत्या आवाजावरून.

"दाबत नाहीये हो मी," ती उगाचच म्हणाली.

"मग काय आपोआप रडतंय? अगं, मशीनचं वजन मशीनलाच पेलू दे. तू नुसतं फिरव. दाबून चमक येत नसती, रूपे. दाबलं की पत्रा तापतो आन् रंग जळतो."

पाथर्डी फाट्यावर यादवशेठचं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं दुकान होतं. तिथं किशोरनं उभी जवानी घालवली. लोक गाडी लावायच्या आधी विचारायचे, "किशोर आहे ना?" तो नसला तर परत जायचे. असा माणूस. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी हातातला चहाचा कप सुटला आणि उजवं अंग लुळं पडलं. जीभ तेवढी वाचली. यादवशेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं रूपालीला गाड्या धुवायला ठेवून घेतलं, वर म्हणाला, "वहिनी, मशीन शिकलात तर किशोरची जागा तुमची. पण दिवाळीपर्यंतच थांबतो. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दुसरा माणूस! किशोरला ते ऐकूनच घास गिळेना. "मी बरा होणार हाय. तोवर तू माझी जागा धरून ठेव," तो रोज म्हणायचा. डॉक्टर काय म्हणाले ते रूपालीला ठाऊक होतं, पण ती मान डोलवायची. त्या जागेच्या आशेवरच तर तो सकाळी डोळे उघडत होता.

म्हणून चुंचाळ्यातल्या त्या खोलीमागं रोज मशीन घरघरायचं. पहिल्यांदा तिनं कडेला पट्टी न चिकटवताच मशीन फिरवलं आणि कडेचा रंग पार उडवला. पत्रा उघडा पडलेला बघून ती रडायला लागली, तर हा आत खुदुखुदु हसतोय. "मी तर शेठची सवताची गाडी जाळलेली! रडू नको, पट्टी लाव." घासून झालं की बॉनेट उन्हात तिरपं धरायचं. सावलीत आरशासारखं दिसणारं काम उन्हात धरलं की नुसते गोल गोल ओरखडे. ऊन लबाडी चालू देत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

पावसाळा सरता सरता शेठनं तिला गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात टाकू दिला. काळीच गाडी होती. हातात हिरव्या बांगड्या, त्यांच्यावर तिनं किशोरचा जुना मोजा कापून चढवला होता. टपावर वाकताना मोजा सरकला, आणि बांगडीनं दारावर लांबच लांब रेघ ओढली.

शेठ ओरडला नाही, हेच वाईट. "वहिनी," तो म्हणाला, "बांगड्या घालूनच यायचं असेल तर मग बादलीच बरी."

घरी तिनं बांगड्या काढायचा विषय काढला मात्र, सासू साळूबाई ताडकन उठली. सिन्नरकडची म्हातारी, जिभेला धार.

"नवरा जिता हाय आन् तू हात मोकळे करती? शोभतंय का गं?"

"आई, कामापुरतं—"

"मला नको शिकवू! माझ्या हातातल्या फोडल्या तवा मला कोणी इचारलं नाय. आन् तू चांगल्या बांगड्या आपल्या हातानं काढायला निघालीस!"

खाटेवरून किशोर म्हणाला, "आई, मीबी लग्नातली अंगठी घरी ठेवून जायचो."

"तुझी गोष्ट येगळी."

"काय येगळी? रेघ अंगठीची पडली काय आन् बांगडीची पडली काय."

म्हातारी बराच वेळ धुसफुसत बसली. रागापेक्षा भीतीच जास्त होती बिचारीला. शेवटी म्हणाली, "काढायच्या तर काढ. पण सांजच्याला यानंच घालायच्या. याच्या हातानं. एक दिस चुकला तर बघ."

झालं! रूपाली सकाळी दुकानात बांगड्या काढून वॅक्सच्या रिकाम्या डबीत ठेवायची, मगच मशीनला हात लावायची. संध्याकाळी घरी आली की खाटेवर बसून हात पुढं करायची. किशोर डाव्या हातानं बांगडी चढवायचा. एका हाताचं काम, तेही डाव्या! तो जोर लावायचा आणि बांगडी पिचायची.

"दाबू नका," रूपाली हसू दाबत म्हणायची. "बांगडी रडतेय बघा."

"गप ए," तो म्हणायचा, पण हसायचा. मग बोटं जुळवून, बांगडी फिरवत फिरवत, न दाबता सारायला तो शिकला. दिवसभरात त्या घरात तेवढा एकच वेळ सुखाचा होता.

दसऱ्याच्या आधी तिनं एक अख्खी काळी गाडी एकटीनं केली. शेठनं ती उन्हात घेतली, वाकून चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाला, "किशोर येऊन गेला की काय?"

ती धावतपळत घरी आली. सांगितलं. किशोर मोठ्यानं हसला. "जागा धरून ठेव म्हणलो होतो. तू तर बसलीसच की तिच्यावर!" मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं. रूपालीला तिथल्या तिथं समजलं की आपण काय केलं. त्या दिवसापासून मागं मशीन चालू झालं तरी आतून आवाज यायचा नाही. तिनं एकदा मुद्दाम दाबून बघितलं. मशीन रडलं. किशोर काही बोलला नाही.

बांगड्या मात्र तो रोज घालायचा.

पौषात, भर दुपारी, शेठच्या फोनवर शेजाऱ्याचा फोन आला. शेठनं तिला तशीच गाडीवर घातली, पॉलिशची पांढरी भुकटी उडालेल्या हातांनी. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. आळीतल्या बाया जमल्या होत्या. रीत करायला एकीनं तिचा हात धरला, तर मनगट मोकळं! बांगड्या दुकानातल्या डबीत.

"ही बया आधीच काढून बसली होती," मागून कोणीतरी म्हणालं.

साळूबाईनं ते ऐकलं. ती गप्प राहिली. रूपालीला वाटलं, आता ही आपल्याला आयुष्यभर हेच ऐकवणार, आणि आपल्याला त्यावर बोलायला तोंड नाही.

तेरावा झाल्यावर ती कामावर गेली. मशीनला हात लावायच्या आधी सवयीनं बोटं मनगटाकडं गेली. काढायला काही नव्हतं. फळीवरची डबी तिनं उघडली, पुन्हा लावली, आणि काम सुरू केलं. दिवसभर तिनं एक काळं दार केलं. उन्हात त्याच्यावर एक ओरखडा दिसेना. शेठ "वा" म्हणाला, आणि तिला ते ऐकून भडभडून आलं. हे ज्याला सांगायचं तोच नव्हता.

संध्याकाळी डबी तिनं पिशवीतून घरी आणली. साळूबाई किशोरच्या खाटेवर बसली होती. रूपालीला चोरी सापडल्यासारखं झालं.

"काय हाय त्यात?"

"बांगड्या," रूपाली म्हणाली. "दुकानात राहिल्या होत्या. नदीत सोडते."

"आण हिकडं. बस."

"आई?"

"सांजच्याला घालायच्या म्हणून म्याच सांगितलं होतं ना? त्यो नाय, तर मी हाय. हात कर."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालं त्या दिशी," म्हातारी म्हणाली. "मला तवाच बोलाया पायजे होतं. नाय बोलले."

तिनं बांगडी उचलली. तिची स्वतःची मनगटं किती वर्षांची मोकळी. बोटं आखडलेली. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. म्हातारीनं ओठ आवळून जोर लावला.

"दाबू नका, आई," रूपाली म्हणाली. "नुसती फिरवा."

साळूबाईनं हात सैल सोडला. भरल्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी तिनं बांगडी हळूहळू फिरवत मनगटापर्यंत आणली, आणि डबीतली दुसरी चाचपू लागली.