हळदीच्या डब्याखालचं तळं

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्राचा. साठेक वर्षांपूर्वी, विमानातून काढलेल्या फोटोंवरून परदेशात माझी छपाई झाली. माझ्या अंगावर तपकिरी समोच्च रेषा आहेत, शेकडो निळी तळी आहेत. गाव मात्र औषधालासुद्धा नाही. बहुतेक तळ्यांना नावही नाही.

बेंगळुरूचे श्रीकांतराव सरकारी संस्थेत भूगर्भशास्त्रज्ञ होते. एका उन्हाळ्यात चार महिने ते मला घेऊन त्या ओसाड मुलखात हिंडले. वारा सुटला की मला छातीशी धरत. तेवढा मान मला पुढे कित्येक वर्षं मिळाला नाही.

तिथून पत्र पाठवायची सोय नव्हती. परतले तेव्हा पत्नी हेमलताबाई फुगून बसलेल्या. "चार महिन्यांत एक ओळ नाही! आमची आठवण कशाला येईल तुम्हाला?"

श्रीकांतराव जात्याच अबोल. त्यांनी मला मुकाट्याने टेबलावर ठेवलं. दिवाळीची साफसफाई चालू होती. बाईंनी माझी कोरी पाठ तेवढी पाहिली, कागद जाड आहे म्हणून खूश झाल्या आणि मला फडताळात पालथं अंथरून वर मसाल्याचे डबे मांडले. श्रीकांतरावांनी पाहिलं. एवढंच म्हणाले, "असू दे."

आज ना उद्या ही उलटून बघेल, असं त्यांना वाटत असावं. मलाही वाटायचं. दर दिवाळीला डबे उचलले जात, पाठीवरून ओलं फडकं फिरे आणि डबे पुन्हा जागेवर बसत. छत्तीस वर्षं मी वाट पाहिली. "चार महिने" हा टोमणा ऐकला की श्रीकांतराव फडताळाकडे बघून हसत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मग मात्र माझा धीर सुटला.

गेल्या महिन्यात बाई लेकीकडे, व्हाइटफील्डला, राहायला निघाल्या. घर आवरताना कामाच्या गंगव्वाने मला ओढून काढलं.

"अक्का, हे रद्दीत टाकू?" म्हणता म्हणता तिने मला उलटवलं. "स्वल्प थांबा. पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय."

बाईंनी चष्मा लावला. पाठीवरून झिरपलेल्या हळदीच्या पिवळ्या डागाखाली एका बिननावाच्या तळ्याशेजारी अक्षरं होती: 'हेमाचं तळं. आज तू इथे हवी होतीस.'

"अहो, सांगायचं तरी!" बाई म्हणाल्या आणि मला छातीशी धरून रडल्या.

मित्रांनो, जुना कागद अंथरण्याआधी एकदा उलटून बघा. घरातलं माणूस अबोल असेल, तर ते आहे तोवर त्याला विचारा. मी आता व्हाइटफील्डच्या भिंतीवर आहे. रोज संध्याकाळी बाई त्या तळ्यावर बोट ठेवून चार महिन्यांची हकिकत विचारतात. मला सगळी ठाऊक आहे, पण सांगणार कसा?