वीतभर उजवीकडे

मी दुर्बीण बोलतेय. गॅलरीत उभं राहून पाखरं बघायची नव्हे, बंदुकीच्या पाठीवर बसून नेम धरायची. सध्या न्यूझीलंडच्या अप्पर हट गावातल्या एका घरात मोज्यांच्या खणात माझा मुक्काम आहे. ही काही माझी जागा नव्हे, पण तक्रार नाही. या खणात बंदूक नाही, एवढं मला पुरे.

लोक म्हणतात, काचेला आठवण नसते. समोर येईल ते दाखवायचं आणि विसरून जायचं. असं असतं तर फार बरं झालं असतं. दोन वर्षं झाली, एक तपकिरी तुकडा माझ्यासमोरून हलत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने शेवटी मला डोळ्याला लावलं, समोरच्या भिंतीवरची केसाएवढी रेघ पाहिली आणि समाधानाने मान हलवली. मी गर्वाने फुगले. समोरचं स्पष्ट दाखवलं की आपलं काम संपलं, बाकी बघणाऱ्याचं, असं मला तेव्हा वाटायचं.

मग हट व्हॅलीतल्या एका दुकानाच्या कपाटात वर्षभर बसून होते. माणसांच्या सवयी मी तिथे शिकले. पोराच्या शाळाप्रवेशाला करणार नाहीत एवढी चौकशी लोक बंदुकीसाठी करतात. आणि इतकं विचारून शेवटी तेच घेतात, जे घरून ठरवून आलेले असतात.

रमण त्यातलाच. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, चव्वेचाळीस वर्षांचा. इथे येऊन बारा वर्षं झाली होती आणि ऑफिसातल्या लोकांबरोबर दोनदा डोंगरात जाऊन आल्यावर शिकारीचं वेड लागलं होतं. लायसन्स काढल्यावर त्याने आठ महिने नुसता अभ्यास केला. लॅपटॉपवर हा मोठा तक्ता. तीनशे आठ बोअरची बंदूक घ्यावी की साडेसहाची? खांद्याला धक्का कुणाचा कमी, लांबवर गोळी कुणाची सरळ जाते, गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतील अशी कुठली? शेवटी तीनशे आठ घेतली. मग गोळ्यांचे तीन वेगवेगळे डबे आणून रेंजवर बसला. बंदुकीलाही पथ्यपाणी असतं. एका डब्यातल्या गोळ्या तिला मानवतात, दुसऱ्यातल्या ती इकडेतिकडे फेकते. आमच्या बाईंना दीडशे ग्रेन वजनाच्या तांब्याच्या गोळ्या मानवल्या.

मग माझी पाळी आली. दुकानदार म्हातारा होता, ग्रॅहम नावाचा. तो म्हणाला, "हे बघ, झाडीत एवढी ताकद लागत नाही. छोटी दुर्बीण घे. आणि त्याच्याही आधी साधी बायनॉक्युलर घे. काय हललं ते तिने ओळखायचं. जे ओळखलेलं नाही, त्याच्यावर बंदूक रोखायचीच नाही."

रमण हसला आणि बायकोकडे, निवेदिताकडे, वळून मराठीत म्हणाला, "अगं, हिच्यातून सोळापट मोठं दिसतं. एका काचेत दोन्ही कामं होतायत, तर दोन-दोन कशाला मिरवायच्या?"

"चाळीस वर्षं हेच करतोय तो माणूस, रमण."

"त्याला विकायचंय गं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगाच नाही. पण खरं सांगते, तेव्हा मलाही बरं वाटलं. आपल्या एकटीने भागतंय हे कुणाला आवडत नाही? सोळापट मोठं दाखवताना मी फक्त ताटाएवढा गोल दाखवते आणि बाकीचं जग कापून टाकते, हे मला ठाऊक होतं. ते त्याच्या तक्त्यातही होतं. एका बारीक रकान्यात.

पहिलं वर्ष मजेत गेलं. एक हरिण मिळालं. निवेदिताने अर्धं शेजाऱ्यांना वाटलं आणि उरलेल्याला सुक्क्याचा मसाला लावला.

मग आली खंडेनवमी. इथे ती ऐन वसंतात येते. झेंडू कुठला मिळायला? निवेदिताने कोव्हाईची पिवळी फुलं वेचून आणली. पाटावर स्क्रूड्रायव्हर, ड्रिल, लेकीचा, श्रियाचा, लॅपटॉप, मुळा किसायची किसणी, सगळं मांडलं. रमणने सेफमधून रिकामी बंदूक काढली, बोल्ट बाजूला ठेवला. मग त्याची नजर माझ्यावर गेली.

"ही पण वेगळी ठेवायला हवी ना? प्रत्येक हत्याराला आपलं फूल."

"ठेव की," निवेदिता म्हणाली. तिला काय माहीत?

त्याने मला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू सोडले आणि मला उतरवून पाटावर ठेवलं. हळदकुंकू लागलं, फूल मिळालं. माझ्यासारख्या परदेशी काचेला केवढा तो मान! पूजा झाल्यावर त्याने मला परत कड्यांत बसवलं आणि हातानेच स्क्रू पिळले. उतरवलेली दुर्बीण परत चढवली की रेंजवर जाऊन नेम नव्याने बसवावा लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण दुसऱ्या दिवशी दसरा होता, सीमोल्लंघनाला डोंगरात जायचं ठरलं होतं, आणि सुशील टौरंगाहून सात तास गाडी हाणत येऊन बसला होता.

सुशील हा रमणला धाकट्या भावासारखा. साताऱ्याचा, इथे शिकायला आला आणि राहिला. किवी फळांच्या पॅकहाउसमध्ये फळं निवडायची यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्याकडे तेव्हा लायसन्स नव्हतं, तो नुसता सोबतीला आला होता. पहाटे डोंगराच्या पायथ्याशी गाडीतून उतरला तो कुडकुडतच. अंगात टी-शर्ट आणि वर, झाडीत माणूस ओळखू यावा म्हणून शिकारी लोक घालतात ते भगवं जाकीट, बिनबाह्यांचं.

"दादा, हीप्स थंडी आहे रे, मरणाची!"

रमणने स्वतःचा स्वेटर काढून दिला. तपकिरी, जाड लोकरीचा, छातीपाठीवर वेण्यांची वीण. निवेदिताने दोन हिवाळे घालून विणलेला. सुशीलने तो भगव्या जाकिटावरून चढवला. भगवं सगळं झाकलं गेलं. दोघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

ओढ्याकाठी सुशीलला बसवून रमण म्हणाला, "इथेच थांब. हलू नकोस. मी वरच्या सोंडेवरून बघून येतो." सुशीलने मान डोलावली. दहा मिनिटांनी त्याला आठवलं, आज दसरा. दादाला सोनं द्यायला हवं. आपट्याचं झाड इथे कुठलं? पण पलीकडच्या उतारावर गोलसर पानांची झुडपं होती. तो उठला आणि पानं तोडायला गेला.

सोंडेवरून रमणला झुडूप हलताना दिसलं. हिसका, मग शांत. पुन्हा हिसका. चरणारं हरिण पानं ओढतं ना, अगदी तसं. अंतर सव्वाशे पावलांचं. गळ्यात बायनॉक्युलर असती तर त्याने आधी ती लावली असती. नव्हती. म्हणून त्याने मला डोळ्याला लावलं, म्हणजे बंदूकच रोखली, आणि मला सोळापर्यंत फिरवलं.

माझ्या गोलात पानं आणि मधे तपकिरी तुकडा. बस्स, एवढंच. डोकं गोलाच्या बाहेर, पाय गोलाच्या बाहेर. पण तेवढ्या तुकड्यात मी वेणी दाखवली. एकावर एक गेलेले टाके दाखवले, एक सुटलेला धागासुद्धा दाखवला. त्याच्या बायकोच्या हातचे टाके! मी टाके दाखवत होते आणि तो केस बघत होता. त्याचं मन सोंडेवर चढतानाच हरणापाशी जाऊन बसलं होतं. मला ओरडता आलं असतं तर माझी भिंगं फुटेपर्यंत ओरडले असते.

त्याने गोळी झाडली.

धक्क्यानंतर गोल परत जागेवर आला तेव्हा तपकिरी तुकडा तिथेच होता. मग तो वळला आणि त्याला सुशीलचा चेहरा फुटला. हातात पानांचा जुडगा.

रमणचा श्वास माझ्या काचेवर साचला. मला पुढचं काही दिसलं नाही.

थोड्या वेळाने सुशील धापा टाकत वर आला. "मिळालं का रे दादा? काय आवाज होता! माझ्या कानाशी आसूड ओढल्यासारखं झालं."

"डोंगरात घुमतो आवाज," रमण म्हणाला. "हरिण होतं. सुटलं."

"स्वीट अ‍ॅज! चालायचंच. पुढच्या वेळी." सुशीलने ती पानं रमणच्या हातात ठेवली आणि वाकून पायाला हात लावला. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." रमणच्या हातून दोन पानं खाली पडली. सुशीलला वाटलं, हरिण हुकल्याचं दुःख.

पुढच्या शनिवारी रमण एकटाच रेंजवर गेला. कागदाच्या मधोमध नेम धरून पाच गोळ्या मारल्या. पाचही वीतभर उजवीकडे गेल्या. त्याने कागदावर पंजा ठेवून ते अंतर मोजलं. पूजेसाठी मला उतरवलं नसतं, तर ती गोळी बरोबर वेणीवर गेली असती. देव तारी त्याला कोण मारी, असं कुणी म्हणेल. मी काय म्हणू? ज्या वाकडेपणाची मला लाज वाटायला हवी, त्यानेच एक माणूस जिवंत राहिला.

रमणने कागदाची घडी करून सेफमध्ये ठेवली. मला सरळ मात्र केलं नाही. त्यानंतर गोळीही झाडली नाही.

पण बघणं सुटलं नाही. दर रविवारी, निवेदिता खरेदीला गेली की तो मला कड्यांतून काढायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या डोंगरावर लावायचा. वाळलेलं नेचं, कुणाचं कुत्रं, मातीचा ढिगारा. तपकिरी काहीही दिसलं की त्याचं बोट आपोआप वाकायचं. बंदूक नसताना. एकदा मागून श्रियाने विचारलं, "बाबा, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?"

"काही नाही गं," तो म्हणाला.

सुशील येत-जात राहिला. स्वेटर त्याच्याकडेच होता. "वहिनी, हा आता माझा," असं सांगून टाकलं होतं त्याने. येताना हटकून तोच घालून यायचा. तो दारात उभा राहिला की रमण मिनिटभर त्याच्या छातीकडे बघत राहायचा, मग "ये" म्हणायचा. आणि तो हुकलेला नेम! सुशील चारचौघांत चिडवायचा, "दादाने एवढी महागाची काच घेतली, पण हरणाला शिंकसुद्धा आली नाही." सगळे हसायचे. दोष माझ्या माथी. रमणही हसायचा.

या ऑगस्टमध्ये सुशीलला लायसन्स मिळालं. पेढे घेऊन आला. "दादा, तुझा तो तक्ता दे. बंदूक तीच, गोळ्या त्याच, दुर्बीणही हीच. बायनॉक्युलरचा खर्च नको, तू चालवतोसच की एकाच काचेवर. पहिल्यांदा श्रियाला नेतो डोंगरात, तिला यायचंय."

निवेदिता चहा गाळत होती. रमण उठला, सेफपाशी गेला आणि तो घडीचा कागद आणून टेबलावर पसरला. पाच भोकं.

"त्या दसऱ्याला हरिण नव्हतं, सुशील. तू होतास."

सुशील आधी हसला. मग कागदाकडे बघितलं. मग स्वतःच्या छातीकडे.

"हा घातला होता मी," तो हळू म्हणाला. "तूच दिलेला."

"हो."

"आणि मी तुला सोनं दिलं."

निवेदिताच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं, चहा ओट्यावर सांडत गेला. सुशील उठला, दारातल्या जँडल्स पायात सरकवल्या आणि निघून गेला. पेढ्यांचा डबा उघडा टेबलावर राहिला. दोन महिने त्याचा फोन आला नाही. निवेदिताही त्या दिवसांत घरात पाहुण्यासारखी वावरली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोन वाजला. "उद्या जायचं. बंदूक आणू नकोस. नुसती ती काच आण."

दसऱ्याला सकाळी ओढ्यापाशी आल्यावर सुशीलने पिशवीतून स्वेटर काढून घातला. "तू वर जा. तिथेच उभा राहा."

रमण मला मुठीत धरून सोंडेवर चढला. त्याच्या तळव्याचा घाम माझ्या अंगावरून ओघळत होता. पलीकडे सुशील त्याच झुडपापाशी गेला, पाठमोरा झाला आणि एक फांदी ओढली. हिसका, मग शांत.

"बघ!" तो ओरडला. "काय दिसतं?"

रमणने मला डोळ्याला लावलं. सोळावर. मी दोन वर्षांपूर्वी दाखवलं होतं तेच दाखवलं.

"टाके," तो पुटपुटला. मग घसा फाडून ओरडला, "टाके दिसतायत, सुशील! एक धागा सुटलाय!"

सुशील वळला. उजव्या हाताचा पंजा पसरून अंगठा डाव्या दंडाला टेकवला आणि करंगळी बाहेर, हवेत ताणली. एक वीत. तसाच उभा राहिला. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर, बीच नावाच्या झाडाच्या खोडात एक काळं भोक होतं, सालीने अर्धं मिटवलेलं. ते त्याच्या करंगळीच्या रेषेत होतं. सुशीलने मान मागे वळवली. दोघांनी ते पाहिलं. मीही.

उतरताना सुशीलने पानं तोडली नाहीत. गाडीपाशी आल्यावर रमणने हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला.

"पुढच्या दसऱ्याला बघू," सुशील म्हणाला. आणि मग, "श्रियाला नेण्याआधी बायनॉक्युलर घेईन." स्वेटर अंगावर ठेवूनच तो टौरंगाला गेला.

रमणने बंदूक पोलिसांकडे जमा केली. मला मोज्यांच्या खणात ठेवलं. रविवारी खिडकीशी कुणी उभं राहत नाही. पण मला अजून तो गोल दिसतो, आणि त्यात तपकिरी तुकडा वळतो. दर वेळी मला धास्ती वाटते की या वेळी तो वळणारच नाही.

तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी काच घ्यायला निघाला असाल, तर एवढं ऐका. मी काही लपवत नाही, पण तुम्ही मनाशी जे ठरवून याल, ते मी पुसूही शकत नाही. मला डोळ्याला लावण्याआधी आपल्या उघड्या डोळ्यांनी बघा. झुडूप हललं तर थांबा. पलीकडे कुणीतरी तुमच्यासाठी सोनं तोडत असेल.