ब्रेकच्या दिव्याची तार

बाजारच्या दिवशी जवळा बाजार गावच्या गर्दीत उत्तमरावांची मोटार एकदम थांबली आणि मागून येणारी लॉरी तिच्यावर आदळता आदळता राहिली. लॉरीवाल्यानं चारचौघांत सुनावलं, "ब्रेक दाबल्यावर मागं दिवा लागाया नको का?" गावच्या जमीनदाराला असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. घरी आल्यावर तो राग रखमाजीवर निघाला.

रखमाजी मोटार हाकायचा. जन्म मेंढपाळाच्या घरातला, पण हिंगोलीत मोटारी दुरुस्त करणाऱ्या धनसिंग उस्तादाच्या हाताखाली त्यानं पाच वर्षं काढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मोटारीखाली शिरला. पॅडलपासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली तार बोटांनी चाचपत नेली. मागच्या चाकापाशी ती लोखंडाला घासून वरचं रबर झडलं होतं, तांबं उघडं पडलं होतं. दुसऱ्या महायुद्धाचं ते दुसरं वर्ष. नवी तार मिळायची मारामार. जपून ठेवलेला एक तुकडा त्यानं काढला, जोडला, सांध्याला कथलाचा डाग दिला, पट्टी गुंडाळली आणि पुन्हा घासू नये म्हणून तार उचलून बांधली.

आता कोणीतरी ब्रेक दाबायला हवा होता. त्याची बायको पंचफुलाबाई तेवढ्यात भाकरी घेऊन आली.

"म्या न्हाई बसत मालकाच्या मोटारीत," ती म्हणाली.

"बसू नको. हातानं दाब."

तिनं बाहेरूनच वाकून दोन्ही हातांनी पॅडल दाबलं. "लागला!" रखमाजी ओरडला. दिवा पाहायला ती धावत मागं आली, तोवर विझलेला. "कुठं हाय?" तिनं विचारलं, तसं रखमाजीला हसू आवरेना.

ओट्यावरून उत्तमराव कडाडले, "माझ्या मोटारीपाशी हिचं काय काम? खेळ मांडला काय?"

रखमाजीनं दिवा लावून दाखवला. पण मालकांचा विश्वास बसेना. "मेंढरं वळणाऱ्याच्या कामाचा काय भरवसा," म्हणत त्यांनी हिंगोलीला निरोप धाडला.

धनसिंग येणार म्हटल्यावर रखमाजीला उलट बरंच वाटलं. उस्ताद पाहतील, सांगतील. धनसिंग मोटारीखाली गेला, बराच वेळ सांधा पाहत राहिला. बाहेर आला तो रखमाजीकडे न बघता म्हणाला, "कच्चं काम हाय, मालक. वाटेत जाळ लागला असता."

त्यानं तो सांधा कापला आणि तस्साच दुसरा केला. अवजारं रखमाजीच हातात देत होता.

"आजपासून तू मोटार धुवायची तेवढी," उत्तमराव म्हणाले.

धनसिंगला हिंगोलीला जाणाऱ्या लॉरीपर्यंत पोचवताना रखमाजीनं विचारलं, "उस्ताद, सांध्यात काय खोट होती?"

"काही न्हाई. बराबर होता." धनसिंग खाली बघत राहिला. "पण तुझंच बराबर म्हणलो असतो, तर मला पुन्हा कोण बोलावतंय? तू जवान हायस. तुला काम भेटल कुठंबी."

अवजारांची पेटी रखमाजीनंच लॉरीत चढवून दिली.

घरी पंचफुलाबाई पेटून उठली. "जाऊन सांगा की मालकाला!"

"कोणाचं खरं धरतील ते?"



आठ दिवस त्यानं बादली उचलली. नवव्या दिवशी भावाची, नामाजीची, मेंढरं घेऊन तो साखरा गावाकडच्या माळावर निघून गेला. तीन वर्षांनी धनसिंगचा माणूस त्याला शोधत तिथं आला. उस्तादाला आता दिसत नाही, दुकान सांभाळायला तुलाच बोलावून राहिले, म्हणाला. रखमाजीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला ताक पाजलं, आणि हो-नाही काही न सांगता मेंढरं पुढं हाकली.